टोचल्यावर दोन दिवस

हात गरम होता. नुसता गरम नव्हे, चांगला तापलेला. अंतिम सामन्याआधी दोन्ही संघांची ओळख व्हावी म्हणून नृसिंह सर पाहुण्या मुलांच्या रांगेपुढून हात मिळवत चालले होते. तोंडावर यजमानाचं हसू होतं, डोक्यात मंडपातल्या खुर्च्या पुरतील की नाही ही काळजी होती, आणि रांगेतल्या पहिल्याच मुलाचा, जामखेडकडच्या शाळेच्या कप्तानाचा, पंजा त्यांच्या पंजात आला. सरांचं हसू तसंच राहिलं, पण मनात काहीतरी अडखळलं. "नाव काय रे तुझं?" "मच्छिंद्र," मुलगा म्हणाला. डावा हात त्याने अंगाशी घट्ट धरला होता, काखेत काही दडवल्यासारखा. डोळे जरा जास्तच चमकत होते. सर पुढच्या मुलाकडे सरकले, तर त्याचाही हात तसाच. तिसऱ्याचा जरा निवळलेला, चौथ्याचा पुन्हा तापलेला. रांग संपली तेव्हा सर नमस्कार करून माघारी वळले आणि मंडपाच्या खांबाला टेकून उगाच आपला तळवा बघत राहिले. वाजंत्रीवाला ताशा शेकत होता. मुलं मैदानाभोवती दाटीवाटीने बसली होती, मुख्याध्यापक खासनीस प्रमुख पाहुण्यांना हार कुठून घालायचा ते शिपायाला समजावत होते, आणि टेबलावर जिल्ह्याची कबड्डीची ढाल लाल फडक्यावर उभी करून ठेवली होती.

खरं तर यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. सकाळी त्यांच्या डोळ्यांदेखतच झालं होतं सगळं. त्या साली पावसाने पार दगा दिलेला, जिल्हाभर दुष्काळी कामं निघालेली, हजारो माणसं एकेका माळावर गोळा झालेली आणि पाणी टँकरचं, त्यामुळे पटकीची धास्ती घरोघर होती. म्हणून स्पर्धा समितीने ठरवलं होतं की पटकीची सुई टोचून घेतल्याशिवाय एकाही खेळाडूने नगरच्या मैदानावर पाऊल ठेवायचं नाही. नियम चांगलाच होता. पण जामखेडकडे आधीच्या फेऱ्या झाल्या तेव्हा तिथे दंडावरचा देवीचा डाग दाखवला की पोरांना आत सोडत होते, आणि इथेही तेवढंच लागत असेल अशा भरवशावर ही मंडळी पहाटेची एसटी धरून आली. फाटकाशी उतरतात तो सिस्टर सुया उकळून तयार. पोरांनी हौसेने बाह्या वर करून डाग दाखवले. "ही देवी झाली रे बाबांनो, पटकीचं वेगळं," असं म्हणत ती एकेकाला टोचत सुटली. पोरं खिदळत होती, जो डोळे मिटेल त्याची टर उडवत होती. सरांनी ते बघितलं आणि बघून सोडून दिलं, कारण चुना मारणाऱ्या गड्याने मध्यरेषा तिरकी ओढली होती आणि ती पुसून घेण्यात ते गुंतले होते. आता आठवलं की आपल्या स्वतःच्या पोरांना गेल्या महिन्यात टोचलं तेव्हा आपण काय केलं होतं. खेळाच्या खोलीबाहेरच्या फळ्यावर खडूने लिहिलं होतं, टोचल्यावर दोन दिवस पळापळ बंद. शाळेचा तसा नियमच होता. रविकांतला, त्यांच्या कप्तानाला, संध्याकाळी हुडहुडी भरली तर सर मोसंबी घेऊन त्याच्या घरी गेले होते, आणि तो दुसऱ्याच दिवशी मैदानावर दिसला तेव्हा त्याला कान धरून परत पाठवलं होतं. टोचल्याशिवाय खेळायचं नाही हा एक नियम आणि टोचल्यावर लगेच खेळायचं नाही हा दुसरा. आपल्या पोरांच्या वाट्याला दोन्ही आले. या पोरांच्या वाट्याला एकच आला, आणि तोही सुईसकट.

असू दे, सरांनी स्वतःला सांगितलं. आपण काही हे मुद्दाम केलेलं नाही. नियम आपला नाही, सुई आपली नाही, आणि टोचून न येण्याचा वेंधळेपणा तर मुळीच आपला नाही. हे सगळं खरं होतं, तरी ते स्वतःशी दोनदा म्हणावं लागलं. ढाल हवी होती त्यांना, फार हवी होती. शाळेत त्यांना सगळे ड्रिल मास्तर म्हणत. गणिताचे, संस्कृतचे सर स्टाफरूममध्ये चहा पिताना बोर्डाचे निकाल एकमेकांच्या तोंडावर टाकत, तेव्हा नृसिंह सर खिडकीशी उभे राहून शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत असत. घरात सगळे कारकुनी आणि भिक्षुकी करणारे, त्यात हा एकच पोरगा अंगाला माती लावून यायचा, म्हणून वडिलांनी हयातभर त्यांच्याशी तुटक बोलणं ठेवलं होतं. आणि या साली कधी नव्हे तो संघ जमून आला होता. रविकांतची पकड अशी की शिरलेला गडी परत जात नसे. पाहुण्या कप्तानाविषयी मात्र तिकडून येणारे लोक फार काय काय सांगत होते. हरणासारखा उडतो, दम सुटतच नाही, एकटा लोण चढवतो. गेले कित्येक दिवस सर झोपण्याआधी त्या न पाहिलेल्या पोराशी मनातल्या मनात खेळत होते, कुठून शिरेल, कुठे अडवायचा, कोणाला कोपऱ्यात ठेवायचं. तो हा मच्छिंद्र. आता मंडपाच्या पलीकडे तो गंजीफ्रॉक चढवायला बघत होता आणि डावा हात वर जाईना म्हणून दुसरा एक जण त्याच्या डोक्यावरून तो खाली ओढून देत होता.

सरांना एकदम माळीवाड्यातल्या तालमीचा वास आला, ताक आणि तेल घातलेल्या मातीचा. तेव्हा ते पंधरा-सोळा वर्षांचे असतील. सहादेव वस्तादांची एक रीत होती. कुस्ती लावण्याआधी ते दोन्ही गड्यांच्या मानेवर हात ठेवायचे, मागून, केसांच्या खाली, आणि क्षणभर गप्प उभे राहायचे. नवख्याला वाटे आशीर्वाद देताहेत. ते अंग बघत असत. एकदा केडगावच्या एका पोराशी नृसिंहची जोड ठरली होती, जत्रेतली, लोकांसमोरची पहिली. नारळ फुटला, हलगी लागली, आणि वस्तादांनी त्या पोराच्या मानेवर हात ठेवला आणि जोड तोडली. "अंगात ताप हाय याच्या. न्हाई लावायची." नृसिंह हिरमुसून म्हणाला होता की तो तयार आहे ना, मग तुमचं काय जातं? वस्ताद त्याच्याकडे बघून म्हणाले, "तापाला पाडून तू कशाचा पैलवान हुनार रं?" पुढे दोन महिन्यांनी तीच जोड लागली आणि केडगावच्या पोराने त्याला बघता बघता आस्मान दाखवलं. कितीतरी वर्षं नृसिंह सर मनात धरून होते की वस्तादांनी आपली एक हातातली कुस्ती घालवली. आपल्या आयुष्यात जे जे हुकलं त्याची सुरुवात तिथून झाली असंही त्यांना कधी कधी वाटे. आज मात्र पहिल्यांदाच त्यांच्या मनात आलं की त्या दिवशी मानेवर हात ठेवताना म्हाताऱ्यालाही आपल्या तालमीचा पोरगा जिंकायला हवाच असेल. तो हात त्याने कसा ठेवला असेल?

"सर, एक गंमत सांगू?" रविकांत धावत आला होता, गुडघ्याला पट्टी बांधलेली, कपाळाला अंगारा. आवाज खाली आणून म्हणाला, "त्यांच्या कप्तानाचा डावा दंड दुखतोय. मघापासून बघतोय मी, हलवतच नाही. आम्ही तिकडूनच पकड घालणार. दंडालाच हात घातला की आपोआप बसेल तो." त्याच्या तोंडावर शाबासकीची आस होती, आणि का नसावी? समोरच्याची कच्ची बाजू आधी हुडका हे त्याला शिकवलं कोणी? रोज संध्याकाळी, वर्षभर, घसा बसेपर्यंत? सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांना दिसलं की चढाई होईल, रविकांत सुजलेल्या दंडाला मिठी घालेल, पोरगं किंचाळेल, सगळं मैदान टाळ्या वाजवेल आणि आपण बाकावरून उठून उभे राहू. "थांब जरा," एवढंच म्हणून ते निघाले.

पाहुण्या शाळेचे गहिनीनाथ सर मंडपामागे बादलीतल्या पाण्यात टॉवेल बुडवून एका पोराच्या कपाळाला लावत होते. तरुण होते, पायजमा-सदऱ्यातले, चेहरा ओढलेला. नृसिंह सर म्हणाले, "मुलांना ताप आहे."

"हाय थोडा. सुईचा हाय, उतरंल."

"दोन दिवस थांबायला हवं खरं म्हणजे. आपण परवा खेळू."

गहिनीनाथ सरांनी टॉवेल पिळला. "न्हाई सर. तुमच्या नगरच्या सुईला भिऊन पळाली म्हनतील. आमची पोरं सुट्टीच्या दिशी कामावर जाऊन खडी फोडत्यात, सुईनं काय हुतंय त्यास्नी? आन् आमच्या शाळंनं पयल्यांदाच नगर बघितलंय. खेळूनच जानार."

मग सर खासनीसांकडे गेले. खासनीस वाईट माणूस नव्हते, फक्त कार्यक्रम वेळेवर व्हावा असं त्यांना जिवापाड वाटत असे. ऐकून घेऊन ते म्हणाले, "नृसिंहराव, आता फाटे फोडू नका. पाहुणे खुर्चीत बसलेत. तो दोन दिवसांचा नियम आपल्या शाळेचा, समितीचा नाही. आणि मैदान आपलं म्हणून लावायचाच म्हटला, तर त्यांना उतरता येणार नाही, म्हणजे ढाल आपलीच. आहे काय त्यात?" ते सहज बोलून गेले. सर मात्र जागीच थबकले. खरंच की, कोणताही नियम लावा, ढाल इकडेच येत होती. समितीचा लावला तर तापलेल्या पोरांना पाडून, शाळेचा लावला तर त्यांना न खेळवता. नियमांचं काही चुकत नव्हतं आणि तरी त्यात कुठेच कबड्डी उरत नव्हती. इतक्या रात्री झोपण्याआधी मनात खेळलेला तो सामना, तो उडता पोरगा, तो न सुटणारा दम, त्यातलं काहीच मिळणार नव्हतं. मिळणार होतं लाल फडक्यावरचं ते लाकूड-पितळ. त्यांना चक्क राग आला, पण तो कोणावर काढावा ते कळेना. आणि त्या रागातच ते बोलून गेले, "मग आमचा संघ उतरत नाही."

"म्हणजे?"

"जो संघ उतरत नाही तो हरला. हा तर समितीचाच नियम आहे ना? मग द्या त्यांना ढाल."

खासनीसांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "तुम्हाला काय झालंय?" ते म्हणाले. सरही स्वतःला तेच विचारत होते. आपण हे चांगुलपणाच्या हौसेने तर करत नाही ना, चारचौघांत मोठं दिसावं म्हणून? की वस्तादांना आज इतक्या वर्षांनी काहीतरी करून दाखवायचंय? शंका खरी असेल, असू दे. आता शब्द तोंडातून गेला होता, आणि त्याची किंमत आपल्याआधी पोरं मोजणार होती. ते पोरांकडे गेले आणि सरळ सांगितलं. एक जण रडायला लागला. रविकांतचा चेहरा लाल झाला. "त्यांना आधी टोचून यायला काय झालं होतं सर?"

"काही झालं नव्हतं. यायला हवं होतं."

"मग?"

सरांनी मैदानापलीकडे बोट दाखवलं. ते म्हणाले, "रविकांत, तू कप्तान आहेस. त्यांच्या कप्तानाशी हात मिळवून ये. मग मला काय हवं ते बोल." रविकांत तरातरा गेला. लांबून दिसलं की त्याने हात पुढे केला, मच्छिंद्रने धरला, दोघं काहीतरी बोलले. तो परत आला तो चालत. खाली बसला आणि गुडघ्याची पट्टी सोडायला लागला. मग म्हणाला, "हरलो असंच लागणार का आपल्या नावापुढे?"

"हो, बहुतेक."

"बरं," रविकांत म्हणाला, आणि पट्टीची गुंडाळी करत राहिला. सरांना त्या क्षणी त्याच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला, पण तो मोठा झाला होता, त्याला आवडलं नसतं.

बातमी मंडपामागे पोचायला वेळ लागला नाही. गहिनीनाथ सर असे आले की नृसिंह सरांना वाटलं हा आता गचांडीच धरतो. "सर, हे काय ऐकतोय? न खेळता ढाल? आमी काय भीक मागाया आलो का हितं? गावात गेल्यावर काय सांगू, कुनाला हरवलं म्हनून? तुमची ही दया तुमच्यापाशीच ठिवा!"

"दया नाही हो," नृसिंह सर मोठ्याने म्हणाले. "मला जिंकायचंय तुमच्याशी. फार जिंकायचंय. या पोराला कसा अडवायचा याच्यापायी झोप उडालीय माझी. आज तो नाहीये इथे, त्याचा ताप आहे नुसता. तापाशी काय खेळू मी?"

भोवती माणसं जमली होती. सरांना लाज वाटत होती आणि बरंही वाटत होतं. इतक्या माणसांत, इतक्या मोठ्याने, मनातलं असं ते कधी बोलले नव्हते. मागून मच्छिंद्रचा आवाज आला, बसलेला, "गुरुजी, ऱ्हाऊ की दोन दिस."

"ऱ्हाऊ म्हनं. आन् खायचं काय, निजायचं कुठं? एसटी चुकल ती येगळीच."

"घरं आहेत की," नृसिंह सर म्हणाले. "माझ्या सात पोरांची सात घरं आहेत, आणि माझं आठवं."

खासनीसांनी कपाळावर हात मारला, पण समितीतल्या दोघांच्या कानाशी जाऊन बोलण्याचं कामही त्यांनीच केलं. न खेळता ढाल घ्यायला एक संघ तयार नाही आणि ती द्याच म्हणून दुसरा अडून बसलेला, असा पेच समितीपुढे पूर्वी कधी आला नव्हता, त्यामुळे तो परवावर ढकलणं सगळ्यांनाच सोयीचं वाटलं. प्रमुख पाहुण्यांना देवळाली प्रवरेला कारखान्यावर मीटिंग होती. ते खेळाचं महत्त्व या विषयावर बोलून, हार मोटारीत ठेवून निघून गेले. ढाल फडक्यात गुंडाळून कपाटात गेली.

मच्छिंद्र आणि गोरक्ष नावाचा एक लाजरा पोरगा सरांच्या घरी आले. इंदूने, सरांच्या बायकोने, दारातच त्यांना न्याहाळलं आणि नवऱ्याकडे बघून काय समजायचं ते समजली. संध्याकाळी ताप चढला तसं तिने दोघांना गोधड्या दिल्या आणि मऊ भात. सकाळी उतरला तेव्हा म्हणाली, "भाकरी मला मेलीला नीट थापता येत नाही रे, थालीपीठ चालेल?" चालेल म्हणता म्हणता चुलीवरचा तवा उतरेना, इतकी थालीपिठं गेली. त्यांना आंघोळीला बादलीभर पाणी काढून दिलं, तर मच्छिंद्र बादलीकडे बघत म्हणाला, "काकू, एवढ्यात आमचं समदं घर न्हातं." "मग आज तू एकटा न्हा," इंदू म्हणाली. बाजारात लोक सरांना थांबवून विचारत होते, काय नृसिंहराव, ढाल दान केली म्हणे? सर हसून वेळ मारून नेत, पण मनात पाल चुकचुके. पोरं खडखडीत बरी झाली आणि आपण सपशेल हरलो तर? रविकांत आयुष्यभर आपल्याला काय म्हणेल? त्याच्या घरी राहिलेला पाहुणा त्याच्याच सायकलवर शहर बघून आला होता, दोघं मिळून किल्ल्यापर्यंत गेले होते, असं कळलं तेव्हा त्यांना थोडा धीर आला. दुसऱ्या संध्याकाळी मच्छिंद्र अंगणात दोन्ही हात वर करून आळस देत होता. आत वळून म्हणाला, "सर, एक सांगू का? उद्या मी तुमच्या पोरास्नी सोडनार न्हाई बरं का." "माझ्याच घरचं खाऊन?" इंदूने आतून विचारलं. "व्हय काकू. तुमच्या थालपिठाची ताकद हाय ती." सर खो खो हसले, आणि त्या रात्री पुन्हा कोपऱ्यात कोणाला ठेवायचं ते ठरवत पडून राहिले.

परवाच्या सामन्याला मंडप नव्हता, ताशा नव्हता. ढाल वर्गातल्या एका खुर्चीवर ठेवली होती आणि तिच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. मुलं मात्र पहिल्यापेक्षा जास्त जमली होती, आणि ज्यांच्या घरी पाहुणे उतरले होते त्यांच्या आया, मावश्या भिंतीलगत उभ्या होत्या, आपण कोणाच्या बाजूने ते त्यांचं अजून ठरत नव्हतं. सुरुवातीला रविकांतने एकाला असा उचलून आदळला की गहिनीनाथ सरांनी मांडीवर थाप मारली. आणि मग मध्यरेषा ओलांडून मच्छिंद्र आला. कबड्डी, कबड्डी, कबड्डी, तो आवाज एका धारेत असा सुरू झाला की बसलेली पोरं आपोआप गप्प झाली. नृसिंह सर बाकाच्या कडेवर आले. हा तो, त्यांना वाटलं, हाच. त्याने उजवीकडे झुकांडी दिली आणि डावीकडे गेला, कोपऱ्यातल्या पोराला बोट लावलं, साखळी त्याच्यावर कोसळली तर तो तिच्यावरून अक्षरशः उडाला, हवेतच रविकांतच्या डोक्याला टपली मारली आणि रेषेपलीकडे धुळीत लोळला, दम तसाच चालू, डावा हात वर. दोन गडी बाद. क्षणभर मैदानात चिडीचूप झालं. त्या शांततेत कोणीतरी मोठ्याने हसलं, आणि सरांना उशिरा कळलं की हसलो ते आपणच. इतका चांगला होता तो. याला आपण परवा तापात पाडणार होतो! रविकांत अंगावरची माती झटकत बाहेर आला, संतापाने नाकपुड्या फुललेल्या. "सर, हसताय काय? आपले दोन गेले!"

"दिसतंय मला," सर म्हणाले, आणि डोळे पुसत बाकावरून उठले. मधली आपली चढाई रिकामी गेली आणि समोर मच्छिंद्र पुन्हा रेषेवर येऊन उभा राहिला, ताजा, श्वास भरून घेत. सरांनी तोंडाशी हात नेले आणि बेंबीच्या देठापासून आपल्या पोरांना ओरडून सांगितलं, "अरे, बघता काय! धरा त्याला! दंडाला धरा, पायाला धरा, कुठेही धरा, आता धरा!"